अमृताचा वास

ऑस्ट्रियातील लिंत्स शहराजवळ सेंट फ्लोरियन नावाचा जुना मठ आहे. तेथील एक धर्मगुरू योसेफ श्मिडबर्गर हे फळझाडांचे नामांकित जाणकार होते. सफरचंदाच्या खोडांना टाचणीच्या टोकाएवढी भोके पडून झाडे वाळतात, हे त्यांनी पाहिले. खोड चिरून पाहता आत जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा भुंगेरा आणि त्याने कोरलेली भुयारे आढळली. भुयारांच्या भिंतींवर पांढरट, ओलसर थर होता व अळ्या तो खात होत्या. हा झाडाचाच रस असावा असे समजून श्मिडबर्गरांनी १८३६ साली त्याला ग्रीक पुराणांतील देवांच्या भोजनाचे नाव दिले : अँब्रोशिया. आपण त्याला अमृत म्हणू.

तर्क चुकीचा ठरला, नाव मात्र टिकले! १८४४ मध्ये जर्मन वनशास्त्रज्ञ थेओडोर हार्टिग यांनी दाखवून दिले की, हे अमृत म्हणजे रस नसून बुरशी आहे. पुढे १८९७ मध्ये अमेरिकेत हेन्री हबर्ड यांनी तिकडच्या अशा भुंगेऱ्यांचा सविस्तर वृत्तांत लिहिला. लाकूड हे या किड्याचे अन्न नव्हे, शेत होय. मादी भुयार कोरते, भुसा बाहेर लोटते, भिंतीवर बुरशी पेरते आणि तिच्यावर पिलांचे पोट भरते. माणसाने नांगर धरण्याच्या कितीतरी आधीपासून ही शेती चालू आहे.

मग बियाणे कोठून येते? हेलेने फ्रांके-ग्रोसमान या जर्मन विदुषीने १९५६ च्या सुमारास मादीच्या अंगातच बुरशी साठवण्याच्या बारीक पिशव्या असल्याचे सिद्ध केले. त्या पिशव्यांना आज रूढ असलेले ‘मायकँजियम’ हे नाव १९६३ मध्ये लेख राज बत्रा या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञाने दिले. कोणा जातीत ही पिशवी पाठीत असते, कोणात जबड्याशी. लेक सासरी निघताना विरजण बरोबर घेते, तसाच हा प्रकार.

येथवरचा इतिहास डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींचा झाला. नाकाची पाळी फार उशिरा आली. मुळाशी पाणी तुंबून किंवा अन्य कारणाने झाड गुदमरले की त्याच्या अंगात मद्यार्क तयार होतो, आणि त्याच्या वासावर यांतील बहुतेक भुंगेरे धावतात, हे बरेच दिवस माहीत होते. परंतु मद्यार्कच का? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचे उत्तर दिले : मद्यार्कात या भुंगेऱ्यांची बुरशी जोमाने वाढते, आणि शेतातील तणासारखी जी दुसरी बुरशी, ती दबते. म्हणजे मादी वासावरून जमिनीचा कसच तपासते म्हणा ना!

त्याआधी २०११ मध्ये हुल्त्सर, मान व स्टेलिन्स्की यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली होती. या भुंगेऱ्यांना खुद्द बुरशीच्या वासाचीही ओढ असते. त्या वासाचे पृथक्करण झाले तेव्हा त्यात मद्यार्काबरोबर पिकल्या केळ्याला वास देणारे द्रव्यही निघाले.

एवढ्याशा वासाची एवढी चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात मिळते. २००२ साली सॅव्हाना बंदराजवळ एका सापळ्यात आशियातून आलेले, ‘झायलेबोरस ग्लॅब्रेटस’ जातीचे तीन भुंगेरे सापडले. अवघे तीन! आपल्या मुलखात ही जात मरणपंथाला लागलेल्या झाडांवर गुजराण करते. नव्या मुलखात मात्र ती धडधाकट रेडबे वृक्षांवर तुटून पडली. तिला मद्यार्काचे फारसे आकर्षण नाही, लाकडाच्याच सुगंधाचे आहे. तेव्हा निरोगी झाडाचा वास तिला मेलेल्या झाडासारखा वाटला असावा, असे एक अनुमान आहे. आम्हांस ते पटण्यासारखे वाटते. तिच्याबरोबर आलेली बुरशी झाडात शिरली की झाड तिला अडवण्यासाठी आपल्याच रसवाहिन्या बंद करते आणि तहानेने मरते. तीस कोटींहून अधिक रेडबे वृक्ष असे गेल्याचा अंदाज आहे.

रेडबेच्याच कुळातील फळझाड म्हणजे अ‍ॅव्होकॅडो. २०१२ मध्ये हा रोग दक्षिण फ्लोरिडातील अ‍ॅव्होकॅडोच्या बागांत पोचला. तेथे तर बुरशीने गाडीवानच बदलला : मूळचा भुंगेरा बागांत विरळा, पण स्थानिक भुंगेऱ्यांनी तिची ने-आण सुरू केली. बुरशीच्या वासाची नक्कल करून सापळे लावणे, नकोशा वासाने भुंगेऱ्यांना हुसकावणे, असे प्रयोग तेथे झाले आहेत. पण एकदा रोग जडलेले झाड वाचवणे अवघडच. ते ताबडतोब तोडून काढावे लागते.

सोलापूर, सांगोला भागातील डाळिंबवाल्यांना ही कथा परकी वाटणार नाही. याच जातकुळीचा भुंगेरा त्यांच्याही बागांत खोडाला बारीक भोके पाडतो, आणि मर रोगाने वा तुंबलेल्या पाण्याने खंगलेले झाड आधी गाठतो. म्हणून बागाईतदार खोडाला गेरू व कीटकनाशकाचा लेप देतात, तसाच बुंध्याशी पाण्याचा निचराही पाहतात. भोकाशी पडलेला पिठासारखा भुसा दिसला, की मादी आत पेरणीला लागलेली असते.