मोजे आणि चाप

डिसेंबरात लासूर स्टेशनला घरी गेलो होतो. भाचा एअर पिस्तूल शिकतोय. थंडीने बोटं आखडतात म्हणून आईने त्याला लोकरीचे मोजे विणून दिलेत. सर ते घालू देत नाहीत. म्हणाला, "मामा, स्वप्नील कुसाळेच्या हातात तर मोजा होता!"

खरंय. रेल्वेत टीसी म्हणून काम केलेल्या स्वप्नीलने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं, पण रायफलमध्ये. रायफलचा भार डाव्या हातावर, पट्टाही तिथेच रुततो. जाड मोजा त्या हाताला. चाप उजवा हात ओढतो. पिस्तुलाचं तसं नाही. भारही त्याच हातावर, चापही त्याच हातात. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा. एवढा दाब लोकरीतून कसा कळणार? नियमाने त्या हातात घड्याळही चालत नाही.

हंगेरीच्या कारोली टाकाचचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बने निकामी झाला. डाव्या हाताला त्याने पहिल्यापासून शिकवलं आणि १९४८ व १९५२ ला पिस्तुलात ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. सगळी विद्या शेवटी बोटातच.

आईला वाईट वाटू नये म्हणून तोड काढली: नेम धरायच्या जागेपर्यंत मोजे घालायचे, तिथे काढून खिशात. आजीची ऊब तेवढी पुरते म्हणे. असो.