डेंटल कॉलेजचा डीन: पद, जबाबदारी आणि अडचणी

नारायणगड परिसरातून, बीडमधून आपली मुलंमुली नीट देऊन बीडीएसकडे वळू लागली आहेत. फी, हॉस्टेल याची चौकशी आपण करतो. पण कॉलेजचा डीन म्हणजे अधिष्ठाता नेमकं काय करतो, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून ही माहिती.

डीन कॉलेज आणि त्याला जोडलेलं रुग्णालय, दोन्हींचा प्रमुख असतो. तो स्वतः एमडीएस आणि अनुभवी प्राध्यापक असावा लागतो. अभ्यासक्रम व परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या, मान्यता व तपासणी केंद्रीय नियामक संस्थेची, आणि सरकारी कॉलेज असेल तर मंत्रालयाचाही हुकूम. खासगी संस्थेत विश्वस्तांची मर्जीही सांभाळावी लागते. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला, तेव्हा नियमांची घडीही बदलते आहे.

या पदाचा मोठा आदर्श म्हणजे डॉ. रफीउद्दीन अहमद. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये पदवी घेऊन ते परतले आणि १९२० मध्ये कलकत्त्यात देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. सुरुवातीला खर्च स्वतःच्या सोडा फाउंटनच्या कमाईतून भागवला. १९५० पर्यंत ते प्राचार्य होते. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. मुंबईत नायर डेंटल कॉलेज १९३३ चं. मराठवाड्यातलं सरकारी डेंटल कॉलेज छत्रपती संभाजीनगरला आहे.

आजची मोठी अडचण रुग्णांची. दात काढणं, भरणं, कवळी बसवणं हे पुस्तकातून येत नाही, ठरलेल्या संख्येने रुग्ण हाताळावेच लागतात. ओपीडी ओस असेल तर पदवी हातात येते, हात मात्र बसत नाही. म्हणून चांगला डीन गावोगावी शिबिरं घेतो. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी तंबाखू सुटलेली नाही. तोंडाचा कॅन्सर वेळेत ओळखण्याचं काम या शिबिरांतूनच होतं. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा, बिघडलेल्या डेंटल चेअर, साहित्याचा तुटवडा हेही त्याच्याच माथी.

दुसरी गोष्ट मुलांच्या हिफाजतीची. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखाला बंधनकारक आहे. प्रथमदर्शनी तथ्य आढळलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. टाळाटाळ केली तर तो स्वतः गुन्ह्याला मदत करणारा ठरतो. म्हणून तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या.

प्रवेशाआधी पालकांनी एक दिवस काढून कॉलेजात जावं. ओपीडीत रोज किती रुग्ण येतात, किती चेअर चालू आहेत, इंटर्नशिपचा स्टायपेंड मिळतो का, हे विचारावं. शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोलावं. आणि डीन पालकांना भेटतो की नाही, हेही पाहावं. आम्हा शिक्षकांना वाटतं, इमारतीपेक्षा हीच चौकशी मुलांच्या तालीमसाठी जास्त कामाची आहे.