सुकाणूचा दांडा

मोटारीचा इतिहास सांगताना इंजिनाच्या शक्तीचे व वेगाचे कौतुक पुष्कळ होते; चालकाच्या छातीसमोर उभ्या असलेल्या सुकाणूच्या दांड्याची, म्हणजे स्टिअरिंग कॉलमची, आठवण मात्र क्वचितच कोणाला होते. या दांड्याने अनेकांना घरी सुखरूप आणले आणि अनेकांचे प्राणही घेतले. एखादी जुनी पिकअप गाडी दुरुस्त करू पाहणाऱ्याने म्हणूनच हातात पाना घेण्यापूर्वी त्याचे चरित्र जाणून घ्यावे.

आरंभीच्या मोटारींना चक्र नव्हते. नावेचे सुकाणू फिरवावे तशी एक दांडी हाती धरून त्या वळवीत असत. १८९४ साली पॅरिस ते रुआं या शर्यतीत आल्फ्रेद वाशेराँ याने आपल्या पानार गाडीला चक्र लावले. पुढे चक्राची प्रथा रूढ झाली आणि त्याच्याबरोबर त्याला आधार देणारा दांडाही आला.

अमेरिकेत १९४० व १९५० च्या दशकांत शेतकरी, सुतार आणि गवंडी यांच्या दाराशी शेवरोले व फोर्ड यांच्या पिकअप गाड्या उभ्या राहू लागल्या. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत चक्रापासून निघालेली पोलादी दांडी सरळ पुढे गिअरपेटीपर्यंत जाई. ती वाकू नये, तुटू नये, एवढीच अपेक्षा होती आणि ती अपेक्षा ती चोख पुरी करी. परंतु गाडी समोरून आदळली की हाच गुण घातक ठरे. गाडीचे तोंड मागे चेपले जाई, त्याबरोबर दांडीही मागे रेटली जाई. आणि त्याच क्षणी चालकाचे शरीर आपल्या वेगाने पुढे येई. न वाकणारी दांडी मग भाल्यासारखी छातीत शिरे.

१९५६ च्या मॉडेलांत फोर्डने मध्यभागी खोलगट असलेले चक्र आणले. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या ग्रंथाने लोकमत जागे केले आणि १९६६ मध्ये अमेरिकेत वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांत दबणारा दांडा बसवला. त्याच्या बाहेरच्या नळीला जाळीसारखी छिद्रे होती. धक्का बसताच ती लांबीच्या दिशेने चुरगळे. आतली दांडी दोन तुकड्यांची असून ते प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी जोडलेले होते. खुंट्या तुटल्या की एक तुकडा दुसऱ्यात सरके आणि आघाताचा जोर त्यातच खर्ची पडे.

१ जानेवारी १९६८ पासून प्रवासी मोटारींना हे बंधन लागू झाले. ताशी ३० मैल वेगाने गाडी भिंतीवर आदळली तरी दांडा ५ इंचांहून अधिक मागे येता कामा नये, असा दंडक ठरला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत, समोरून होणाऱ्या अपघातांत चालकाच्या मृत्यूचा धोका या दांड्यांमुळे सुमारे १२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हलक्या ट्रकांना मात्र हे नियम १ सप्टेंबर १९८१ पासून लागू झाले. म्हणजे सहकुटुंब फिरावयास जाणाऱ्याला कायद्याने जे संरक्षण दिले, ते कामासाठी पिकअप हाकणाऱ्याला मिळावयास तेरा वर्षांहून अधिक काळ लोटला. नियम करणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, अशा आम्हा मंडळींनी हे अंतर ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नियम कोणता, याइतकेच तो कोणाला केव्हा लागू झाला, हेही महत्त्वाचे असते.

आता दुरुस्तीकडे वळू. दांडा डुगडुगत असेल तर दरवेळी तो मोडलेलाच असतो असे नाही. कित्येकदा वरचे बेअरिंग झिजलेले असते. जनरल मोटर्सच्या खालीवर करता येणाऱ्या दांड्यांत आतले चार स्क्रू सैल पडतात. ते काढून, साफ करून, पुन्हा नीट आवळले की काम भागते. चक्र काढताना मात्र दांडीच्या टोकावर हातोडा मारू नये. त्यासाठी पुलरच वापरावा. दबणाऱ्या दांड्यातील प्लॅस्टिकच्या खुंट्या त्या ठोक्यानेही तुटतात. अशा तुटलेल्या, दबलेल्या दांडीला वेल्डिंग करून ‘मजबूत’ करण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळावा आणि दांडीच बदलावी. वेल्डिंगने खुंट्यांची जागा घेतली की दबण्याची सोय संपते. बाहेरून दांडा तसाच दिसतो, चक्रही सुरळीत फिरते, आणि चालक मात्र नकळत १९६७ पूर्वीच्या गाडीत जाऊन बसतो.

मूळच्या अखंड दांडीची गाडी जपणाऱ्यांपुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. मूळ रूप राखावे की दबणारा दांडा बसवावा? प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला जुने रूप शोभेल. पण जी रोज रस्त्यावर धावणार आहे आणि जिच्या चक्रामागे घरातले कोणी बसणार आहे, तिच्या बाबतीत जुन्याचा अभिमान थोडा आवरता घेणेच शहाणपणाचे होईल.