ऐतिहासिक रेल्वे एंजिने : राष्ट्रीय रेल संग्रहालय, नवी दिल्ली

रेल्वेच्या प्रत्यक्ष सेवेतून निवृत्त झाल्यावर तांत्रिक, ऐतिहासिक वा सांस्कृतिक महत्त्वामुळे मोडीत न काढता जतन केलेली एंजिने. भारतातील अशा एंजिनांचा सर्वांत महत्त्वाचा संग्रह नवी दिल्लीतील चाणक्यपुरी येथील राष्ट्रीय रेल संग्रहालयात आहे. रुंदमापी, मीटरमापी व अरुंदमापी अशा निरनिराळ्या रूळमापांची वाफ, डीझेल व विद्युत् एंजिने तेथे एकाच आवारात पाहावयास मिळतात. त्यांवरून सु. दीड शतकातील कर्षणतंत्राचा विकास समजतो. त्याचबरोबर कोणती एंजिने टिकली व कोणती नाहीशी झाली आणि त्यामागे कोणती कारणे होती, हेही या संग्रहावरून लक्षात येते.

पार्श्वभूमी : सेवेतून बाद झालेले एंजिन हे प्रथम लोखंड, पोलाद, तांबे व पितळ यांचा साठा असते. मोडीत काढल्यास त्याची किंमत ताबडतोब वसूल होते आणि ठेवून दिल्यास जागा अडते व देखभालीचा खर्च वाढतो. त्यामुळे जुनी एंजिने राखून ठेवण्याची कल्पना सर्वत्रच उशिरा रुजली. ब्रिटनमध्ये विल्यम हेडली यांचे ‘पफिंग बिली’ आणि स्टीव्हन्सन यांचे ‘रॉकेट’ (१८२९) ही एंजिने १८६० नंतरच्या दशकात लंडनच्या संग्रहालयात दाखल झाली. यांपैकी ‘रॉकेट’मध्ये प्रत्यक्ष वापराच्या काळातच इतके फेरफार झालेले होते की, त्याचे मूळ स्वरूप पुष्कळसे बदलून गेले होते.

भारतातील स्थिती याहून प्रतिकूल होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सु. ३४ किमी. अंतरावर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली प्रवासी गाडी धावली. तिचे १४ डबे तीन एंजिनांनी ओढले. ‘साहिब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ या नावांनी ती प्रसिद्ध आहेत. इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्री या कारखान्याने या कंपनीस प्रारंभी पुरविलेल्या आठ एंजिनांपैकी ती होती. या आठांपैकी एकही आज अस्तित्वात नाही. भारतीय रेल्वेचा जन्म ज्या मार्गावर झाला त्या मार्गावरील मूळ एंजिन कोणत्याही संग्रहालयात दाखविता येत नाही, ही या विषयातील मोठी उणीव होय. कामापुरती उपयुक्तता संपताच यंत्र निकालात काढण्याच्या तत्कालीन व्यवहाराचा तो परिणाम आहे.

स्थापना : वाहतुकीचा इतिहास सांगणारे संग्रहालय भारतात असावे, या विचाराला १९७० च्या सुमारास निश्चित रूप आले. भारतात दीर्घकाळ नोकरी केलेले ब्रिटिश रेल्वेतज्ञ मायकेल ग्रॅहम सॅटो यांची या कामी सल्लागार म्हणून मदत घेण्यात आली. निरनिराळ्या रेल्वे कार्यशाळा, संस्थानांची कोठारे व कारखान्यांची आवारे येथे विस्मृतीत पडलेली एंजिने शोधून काढण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ७ ऑक्टोबर १९७१ रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते संग्रहालयाची पायाभरणी झाली व १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते रेल्वेमंत्री कमलापती त्रिपाठी यांच्या हस्ते लोकांसाठी खुले करण्यात आले. प्रारंभी त्याचे नाव रेल परिवहन संग्रहालय असे होते. १९९५ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले.

हा काळही महत्त्वाचा होता. चित्तरंजन येथील कारखान्यात १९५० पासून वाफ एंजिने तयार होऊ लागली. ‘देशबंधु’ हे त्यांतील पहिले. १९७२ पर्यंत तेथे एकूण २,३५१ वाफ एंजिने बांधली गेली व त्यानंतर त्यांचे उत्पादन थांबले. म्हणजे वाफेचे युग ओसरू लागले असतानाच संग्रहालयाची उभारणी झाली. ती आणखी दोन दशके लांबली असती, तर जुन्या एंजिनांपैकी फारच थोडी हाती लागली असती.

वाफ एंजिने : संग्रहातील एंजिनांपैकी सर्वांत ख्यातनाम असलेले ‘फेअरी क्वीन’ हे इंग्लंडमधील लीड्स येथील किटसन, टॉम्सन अँड ह्यूइटसन या कारखान्यात १८५५ मध्ये तयार झाले. ईस्ट इंडियन रेल्वेचे ते २२ क्रमांकाचे एंजिन होय. त्याच्या चाकांची मांडणी २-२-२ अशी आहे म्हणजे पुढे व मागे आधाराच्या चाकांची प्रत्येकी एक जोडी असून मधली मोठी जोडी तेवढी सिलिंडरांतील दट्ट्यांच्या जोराने फिरते. हावडा-राणीगंज मार्गावर हलक्या टपाल गाड्या ओढण्याचे काम त्याच्याकडे होते. १८५७ च्या उठावाच्या वेळी सैन्याची ने-आण करण्यासाठीही त्याचा उपयोग झाला. १९०९ मध्ये ते सेवेतून निवृत्त झाले. पुढे अनेक वर्षे ते हावडा स्थानकाबाहेर चौथऱ्यावर शोभेसाठी उभे होते. १९४३ मध्ये ते उत्तर प्रदेशातील चंदौसी येथील रेल्वे प्रशिक्षण संस्थेत हलविण्यात आले. या चौथऱ्यामुळेच ते मोडीपासून वाचले, असे म्हणता येईल.

‘रामगोटी’ (१८६२) हे फ्रान्समधील आंझूबो या कारखान्यात तयार झालेले लहान एंजिन बंगालमधील नलहाटी-अझीमगंज मार्गासाठी आणले होते. हा मार्ग प्रारंभी ४ फुटी मापाचा होता. मार्गाचे माप बदलल्यावर एंजिनही रुंदमापी करून घेण्यात आले आणि अखेरच्या काळात कलकत्ता महानगरपालिकेचा केरकचरा वाहून नेण्यासाठी ते वापरले गेले. हलक्या कामावर पाठविलेली यंत्रे पुष्कळदा अधिक काळ टिकतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

एफ-७३४ हे मीटरमापी एंजिन अजमेर येथील कार्यशाळेत १८९५ मध्ये तयार झाले. भारतात संपूर्णपणे बांधलेले पहिले रेल्वे एंजिन म्हणून ते ओळखले जाते. त्यानंतर बिहारमधील जमालपूर येथील कार्यशाळेत १८९९ पासून १९२३ पर्यंत २१६ एंजिने बांधण्यात आली. तथापि भारतीय रेल्वेंची बहुतांश गरज परदेशी कारखान्यांकडूनच भागविली जात होती. एंजिन बांधण्याचे कौशल्य देशात होते परंतु त्याचे रूपांतर मोठ्या उद्योगात होण्यास स्वातंत्र्यप्राप्तीनंतरचा काळ उजाडावा लागला. या दृष्टीने एफ-७३४ हे तांत्रिक नमुन्याइतकेच आर्थिक इतिहासाचेही साधन ठरते.

पतियाळा संस्थानातील एकरुळी मार्गाचे एंजिन हे संग्रहातील सर्वांत विलक्षण होय. ईविंग पद्धतीच्या या मार्गाची उभारणी १९०७ च्या सुमारास संस्थानचे अभियंते कर्नल बोल्स यांनी केली. रस्त्याच्या कडेने एकच रूळ टाकलेला असे. वाहनाचा सु. ९५ टक्के भार दुहेरी कडांच्या चाकांवाटे या रुळावर येई व उरलेला भार रस्त्यावरून चालणाऱ्या बाजूच्या मोठ्या चाकावर पडे. या चाकामुळे वाहनाचा तोल राखला जाई. प्रारंभी गाड्या ओढण्यासाठी खेचरे वापरली जात व नंतर जर्मनीतील ओरेन्स्टाइन अँड कोपेल या कंपनीची वाफ एंजिने आणण्यात आली. मोटार वाहतूक वाढल्यावर १९२७ मध्ये हा मार्ग बंद पडला. संस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कोठारात त्याचे अवशेष पडून होते. १९६२ मध्ये सॅटो यांनी ते शोधून काढले व अमृतसर येथील रेल्वे कार्यशाळेत एंजिन पुन्हा चालते करण्यात आले.

बेंगॉल नागपूर रेल्वेचे ८१५ क्रमांकाचे गॅरट एंजिन १९३० च्या सुमाराचे असून ते मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कंपनीने बांधले. गॅरट पद्धतीत दोन स्वतंत्र चाकगाड्यांच्या मध्ये एकच मोठे बाष्पित्र टांगलेले असते. त्यामुळे प्रचंड वजन अनेक आसांवर विभागले जाते आणि एवढे लांब एंजिनही वळणावरून सहज जाऊ शकते. कोळसा व खनिजे यांच्या जड मालगाड्या ओढण्यासाठी या एंजिनांचा वापर होई.

याउलट नेरळ-माथेरान मार्गाचे ७३८ क्रमांकाचे एंजिन अगदी लहान आहे. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेला, सु. २० किमी. लांबीचा व ६१० मिमी. मापाचा हा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. वीसास एक इतका तीव्र चढ आणि अतिशय अरुंद वळणे यांमुळे येथील एंजिनांचे आस वळणानुसार थोडे सरकू शकतील, अशी रचना करण्यात आली होती. दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेचे ७७७ क्रमांकाचे एंजिनही (१८८९) संग्रहात आहे. या दोहोंची तुलना केल्यास डोंगरी मार्गाची एकच अडचण दोन वेगळ्या उपायांनी कशी सोडविली, हे स्पष्ट होते. माथेरान येथे लवचिक आस वापरून वळणे साधली, तर दार्जिलिंग येथे अगदी आखूड चाकतळाचे एंजिन वापरले आणि मार्गातच फेरे व उलटसुलट वाटा यांची योजना केली.

सिंद्री येथील खत कारखान्यात वापरलेले अग्निविरहित एंजिन (१९५३) जर्मनीच्या हेन्शेल कंपनीचे आहे. त्यात भट्टी नसून कारखान्यातील बाष्पित्रातून वाफ भरून घेतली जाई. ठिणगी उडण्याचा धोका नसल्याने ज्वालाग्राही पदार्थांच्या परिसरात ते सुरक्षित असे.

विद्युत् एंजिने : संग्रहातील दोन विद्युत् एंजिनांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईतील व्हिक्टोरिया टर्मिनस-कुर्ला मार्गावर भारतातील पहिली विद्युत् गाडी धावली. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत व १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. भोर व थळ या घाटांतील सदतिसास एक या चढावर जड मालगाड्या नेण्यासाठी ईएफ/१ (पुढे डब्ल्यूसीजी-१) वर्गाची ४१ एंजिने आणण्यात आली. मधला चालककक्ष व दोन्ही टोकांना वळणाबरोबर वळणारी लांब नाके ही त्यांची ठेवण मूळ स्वित्झर्लंडमधील डोंगरी मार्गांसाठी तयार झालेल्या एंजिनांची होय. जोडदांड्यांनी एकत्र फिरणाऱ्या चाकांची हालचाल पाहून रेल्वे कामगारांनी त्यांना ‘खेकडा’ हे नाव दिले. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नावही या वर्गाशी निगडित आहे.

प्रवासी गाड्यांसाठी ईए/१ (पुढे डब्ल्यूसीपी-१) या वर्गाची एंजिने वापरात होती. त्यांपैकी ‘सर रॉजर लम्ली’ (१९३०) हे ४००६ क्रमांकाचे एंजिन संग्रहालयात आहे. १९३० मध्ये सुरू झालेली मुंबई-पुणे ‘डेक्कन क्वीन’ ही गाडी या वर्गाची एंजिने ओढीत असत. एकदिश प्रवाहाची ही पद्धत क्रमाक्रमाने बदलून २०१६ पर्यंत मुंबईचे सर्व मार्ग २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर आणण्यात आले. त्यामुळे ज्या तारांखाली ही एंजिने धावली त्या व्यवस्थेची साक्ष देण्याचे कामही आता त्यांच्याकडेच आले आहे.

जतनाच्या समस्या : उघड्यावरील एंजिनास पाऊस, धूळ व तापमानातील चढउतार यांचा सतत त्रास होतो. बाष्पित्राचे पत्रे आतून गंजतात, नळ्या झिजतात आणि हलते भाग वंगणाअभावी जखडतात. रंग देऊन बाह्य रूप टिकविता येते परंतु त्यामुळे आतील हानी दिसेनाशी होते. याहून अवघड प्रश्न एंजिन स्थिर ठेवावे की चालवावे, हा आहे. चालते एंजिन प्रेक्षकास वाफेचा दाब, आवाज व गती यांचा प्रत्यय देते, तर बंद एंजिन केवळ आकार दाखविते. मात्र चालविण्यासाठी सुरक्षिततेच्या दृष्टीने जुने भाग बदलावे लागतात आणि प्रत्येक बदलाबरोबर मूळ पुरावा थोडा नष्ट होतो.

‘फेअरी क्वीन’च्या बाबतीत या दोन्ही बाजू अनुभवास आल्या. दुरुस्तीनंतर १९९७ मध्ये ते पुन्हा धावू लागले. दिल्ली-अलवर मार्गावर त्याची पर्यटक गाडी सुरू झाली व १९९८ मध्ये नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने वाफ एंजिन म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथात त्याची नोंद झाली. २०११ मध्ये त्याचे अनेक भाग चोरीस गेले. मद्रासजवळील (आता चेन्नई) पेरांबूर येथील कार्यशाळेत त्याची पुनर्बांधणी झाल्यावर २०१२ च्या अखेरीस ते पुन्हा चालू झाले. हरियाणातील रेवाडी येथील वाफ एंजिन केंद्र हे पुढे त्याचे ठिकाण झाले. आज दिसणाऱ्या एंजिनातील १८५५ चा भाग कोणता व नंतरचा कोणता, हे सांगण्यासाठी प्रत्येक दुरुस्तीची काटेकोर नोंद असणे आवश्यक ठरते. अशी नोंद नसेल, तर एंजिन वाचते परंतु त्याची ऐतिहासिक विश्वसनीयता कमी होते.

यंत्राबरोबर त्याचे ज्ञानही टिकवावे लागते. भारतातील रुंदमापी मार्गांवरील नियमित वाफ वाहतूक १९९५ मध्ये संपुष्टात आली. भट्टीत कोळशाचा थर किती ठेवावा, चढाच्या आधी पाण्याची पातळी कोठे असावी, बाष्पित्रातील आवाजावरून दोष कसा ओळखावा, हे चालक, फायरमन व जोडारी यांनी अनुभवाने मिळविलेले ज्ञान पुस्तकांत अपुरेच उतरले आहे. ते जाणणारी पिढी आता थकली आहे.

महत्त्व : या संग्रहातील एंजिने कोणत्याही पूर्वनियोजित निवडीने टिकलेली नाहीत. एखादे चौथऱ्यावर चढविले गेले, एखादे कोठाराच्या कोपऱ्यात विसरले गेले, तर एखादे केरकचऱ्याच्या कामास लावले गेले, म्हणून ती उरली. अशा योगायोगांवर विसंबून राहिल्यास काय गमवावे लागते, हे १८५३ च्या एंजिनांवरून दिसते. नागपूर येथे अरुंदमापी रेल्वेचे स्वतंत्र संग्रहालय २००२ मध्ये सुरू झाले, ही त्या दृष्टीने समाधानाची बाब होय. डीझेल एंजिने व जुनी विद्युत् एंजिने आज त्याच वेगाने सेवेतून बाद होत आहेत. त्यांतील कोणती राखावयाची, हा निर्णय ती मोडीच्या आवारात पोहोचण्यापूर्वी घेतला गेला, तरच पुढील पिढ्यांना विसाव्या शतकातील भारतीय रेल्वे प्रत्यक्ष यंत्रांतून समजू शकेल.