पुण्याची हवा आणि मावळातला पाऊस

पुणेकरांच्या इतर अभिमानांची महाराष्ट्र मनसोक्त टिंगल करतो, पण ‘पुण्याची हवा चांगली’ म्हटले की बाहेरचा माणूसही मान डोलावतो. पेन्शनरांचे गाव ही पुण्याची जुनी ओळख बऱ्याच अंशी याच हवेच्या भरवशावर रूढ झाली. कारण विचारले तर उत्तर तयार असते: समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंची, सह्याद्रीच्या आडोशामुळे वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि संध्याकाळी सुटणारा पश्चिमेचा वारा. पण उंची आणि पाऊस एवढेच पाहायचे, तर नगर पुण्याहून फार वेगळे नाही. उंचीला थोडे जास्त, पावसाला थोडे कमी. तरी नगरच्या बेताच्या पावसाला कुणी चांगली हवा म्हणत नाही, त्याला दुष्काळ म्हणतात. तोच पाऊस एका गावी सुखाचा आणि दुसऱ्या गावी चिंतेचा ठरत असेल, तर या कीर्तीचे मूळ नुसत्या पर्जन्यमापकात सापडणार नाही. ते मुंबई सरकारच्या वेळापत्रकात आणि मुठा नदीच्या पाण्यात शोधावे लागते.

पावसाळ्यात पुण्यात माणसे जमण्याची रीत इंग्रजांनी आणली असे नाही. पेशवाईत दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मोहिमेवर निघत आणि पावसापूर्वी शक्यतो माघारी येत. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा घ्यायला दूरदूरचे ब्राह्मण लोटत. मात्र याचे कारण हवा नव्हते. नद्यांना उतार नसे, वाटा चिखलात जात, म्हणून घरी बसणे भाग होते. हवेसाठी पुण्यात येणे ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट, आणि त्यासाठी आधी मुंबईचा पावसाळा सोसावा लागतो. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जोड्यांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर चढणारी बुरशी, तापाची साथ. त्या काळच्या डॉक्टरांची समजूत अशी, की ताप दमट, कुजट हवेतूनच येतो. तेव्हा कोरडी, उंच जागा हेच औषध. मुंबईचे गव्हर्नर थंडीत मुंबईला, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला राहू लागले. 1858 मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली, 1863 मध्ये बोरघाटाचा चढही रुळांनी जिंकला, आणि सरकारी बिऱ्हाड हलवणे सोपे झाले. त्याच दशकात तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी गणेशखिंडीत गव्हर्नरांसाठी महाल बांधायला घेतला. त्याच्या खर्चावर तेव्हा टीका झाली. आज तिथे विद्यापीठ आहे. गव्हर्नरांमागून सचिव, कारकून, सरकारी कामाचे गरजवंत, मुंबईचे शेटजी आणि त्यांचे घोडेही आले. शर्यतींचा हंगाम आजही जुलैपासून पुण्यात आणि नोव्हेंबरपासून महालक्ष्मीला भरतो, तो त्याच वेळापत्रकाचा अवशेष.

यावर एक आक्षेप हमखास येतो. पुणे पूर्वी खरोखर थंड होते, सिमेंटच्या जंगलाने ते बिघडवले, असे जुने लोक सांगतात. मग कीर्तीला निसर्गाचा आधार नव्हता असे कसे म्हणायचे? आधार होताच. झाडी आणि शेते गेल्याने, डांबर आणि काँक्रीट वाढल्याने रात्री उष्ण झाल्या, हेही खरे. पण पुण्याच्या एप्रिल-मेचा जुना हिशेबही पाहायला हवा. एप्रिल 1897 मध्ये इथे पारा 43 अंशांच्या वर गेल्याची नोंद आहे, आणि तेव्हा सिमेंटचे जंगल नव्हते. गंमत अशी, की पुण्याच्या हवेचे गोडवे ज्या मंडळींनी कागदावर उतरवले, ती त्या दिवसांत पुण्यात नसतच, महाबळेश्वरी असत. त्यांनी पाहिलेले पुणे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचे. शिवाय ते पुणे म्हणजे मुख्यतः लष्कराचा भाग, खडकी आणि गणेशखिंड: ऐसपैस आवारातले बंगले, मधे मोकळे मैदान. कसबा किंवा रविवार पेठेतल्या दाटीच्या वाड्यांना त्या प्रशस्तीपत्रात जागा नव्हती. ज्या साली पारा एवढा चढला, त्याच साली पेठांमध्ये प्लेगने माणसे मरत होती. चांगल्या हवेने त्यांचे रक्षण केले नाही, आणि आज आपल्याला ठाऊक आहे की प्लेगचा संबंध हवेपेक्षा उंदीर आणि पिसवांशी होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सरकार पुण्याला आले तेच मुळी हवा चांगली होती म्हणून. कार्य आणि कारण यांची मी उलटापालट करतो आहे, असे कुणी म्हणेल. त्याला देवळालीचे उदाहरण पुरेसे उत्तर देते. नाशिकच्या परिसराची हवा शतकानुशतके तीच. पण मुंबईची रेल्वे आणि लष्कराची छावणी आल्यावर देवळाली मुंबईकरांचे हवा खाण्याचे ठिकाण झाली. हवा आधीपासून होती, नाव मागाहून मिळाले. नगरलाही लष्कर होतेच, पण मुंबईहून तिथे जायचे तर दौंडचा वळसा. आणि नगरला मुठाही नव्हती.

मला स्वतःला हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुण्यात पाऊस कमी पडतो हे सुख वाटते, कारण तो साठ-सत्तर किलोमीटर पश्चिमेला प्रचंड पडतो. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. मुठेच्या उगमाकडचा मुलूखही तसाच, भातखाचरांचा. ते पाणी नदीने आपसूक पुण्यात येते. 1870च्या दशकात खडकवासल्याला धरण उभे राहिले, तेव्हा लष्कराच्या बंगल्यांना बारमाही पाणी मिळाले आणि कालव्याने शेते भिजू लागली. कोरडी हवा आणि भरलेली तळी हा दुर्मीळ योग पुण्याला असा जमवून मिळाला. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडले, तेव्हा नदीकाठच्या पेठा बुडाल्या त्या मावळातल्या पाण्याने. पेठांवर पडलेल्या पावसाने नव्हे. दोन्ही धरणे पुन्हा बांधली गेली, शहर वाढत गेले आणि कालव्याच्या पाण्यावरचा त्याचा हक्कही वाढला. पाऊस ओढ देतो त्या वर्षी पुण्याची पाणीकपात आणि दौंड-इंदापूरचे उन्हाळी आवर्तन यांवरून कालवा समितीच्या बैठकीत वाद होतो. इंदापूरच्या शेतकऱ्याच्या रानात पाऊस पुण्याहूनही कमी. त्याची हवा कोरडी आहे आणि संध्याकाळी वाराही सुटतो. नसते ते फक्त पाणी.