पैशाची अट आणि उघडं दार



बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न कधी ना कधी येतोच. पैसा एका कामासाठी मिळाला आणि निकड दुसऱ्याच कामाची लागली, तर काय करायचं? शेळ्यांसाठी कर्ज उचललं आणि घरात दवाखाना निघाला. पापडाच्या धंद्यासाठी रक्कम आली आणि तिकडे पावसानं सोयाबीन गेलं. अशा वेळी साफ नियतीची बाईसुद्धा अडखळते. आज हाच प्रश्न मनात ठेवून आपण इतिहासातल्या एका बाईकडे पाहू. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई ख्रिस्ती होत्या. आपल्या गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थनेला बसताना शेजारच्या बाईचा धर्म कोणी विचारत नाही. त्याच मोकळ्या मनानं त्यांच्या श्रद्धेबद्दल आणि त्यांच्या हिशोबाबद्दल बोलू. कारण या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात वेगळ्या काढता येत नाहीत.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी समाजाचा रोष घेतला. सगळं कुटुंब तीर्थांच्या ठिकाणी पुराण सांगत फिरायचं आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. मग दुष्काळ आला. दागिने विकले, भांडी विकली, शेवटी विकायला काही उरलं नाही. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढे दोघे उरले. जातीच्या आणि विद्येच्या अभिमानापायी आम्ही पोट भरण्यासाठी एखादं हातकाम शिकलो नाही, असं रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. ही गोष्ट लक्षात असू द्या.

पुढे कलकत्त्यात त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. भाऊ वारला. लग्न झालं, आणि दोन वर्षं होण्याआधीच पती बिपिनबिहारी दास पटकीनं गेले. पदरात मनोरमा नावाची तान्ही लेक. १८८२ साली त्या पुण्याला आल्या. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून इंग्लंडला जाण्याचा खर्च उभा केला. तिथे १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

आता पैशाची गोष्ट सुरू होते. १८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. आपल्याकडच्या विधवा मुलींची दशा सांगणारं एक इंग्रजी पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन शहरात 'रमाबाई असोसिएशन' नावाचं मंडळ स्थापन झालं. विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसा देऊ, असं वचन मंडळानं दिलं. पण एक अट होती. शाळेत कोणताही धर्म शिकवायचा नाही, कोणत्याही मुलीवर धर्माचा दबाव आणायचा नाही, जिचा जो धर्म असेल तो तिला पाळू द्यायचा. रमाबाईंनी अट मान्य केली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती गोदूबाई नावाची तरुण विधवा. हीच पुढे महर्षी कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार होती.

रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. पुण्यात ओरड सुरू झाली. 'केसरी'नं टीकेची झोड उठवली. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बोस्टनला तसं कळवलं. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

मैत्रिणींनो, इथे दोन्ही बाजू नीट समजून घेतल्या पाहिजेत. सल्लागारांचं म्हणणं पोकळ नव्हतं. पालकांनी मुली पाठवल्या त्या धर्माला धक्का लागणार नाही या भरवशावर. आणि शाळेतल्या सगळ्यात मोठ्या बाईचं उघडं दार हे लहान मुलीला आमंत्रणासारखंच वाटतं. पुढे काही मुलींनी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा हा आक्षेप आणखी धारदार झाला. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कोणावर जबरदस्ती करत नाही. पण माझी श्रद्धा चोरून पाळणार नाही. ज्यांना हिंदू रीतीनं राहायचं त्यांना सदनात ती मोकळीक होतीच. गोदूबाई तिथे शिकल्या आणि हिंदूच राहिल्या.

कोणाचं किती बरोबर, यावर आजही मतं वेगळी असू शकतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे. त्या घटकेला दार लावून घेणं सर्वात स्वस्त होतं. मुली राहिल्या असत्या, थोरामोठ्यांचा पाठिंबा राहिला असता. दाराआड काय चाललंय ते कोणाला दिसलं नसतं. रमाबाईंनी तो सोपा मार्ग घेतला नाही. जे होतं ते सगळ्यांना दिसेल असं ठेवलं आणि त्याची किंमत मोजली. सारं ऐकून घेऊनही बोस्टनचं मंडळ त्यांच्या पाठीशी राहिलं.

दहा वर्षं संपल्यावर काय, याचा विचारही त्यांनी आधीच केला होता. पुण्याजवळ केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, फळझाडं लावली. उद्या बाहेरचा पैसा थांबला तर सदनाला आपलं उत्पन्न असावं, हा हेतू.

तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत होती. आपलं वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात नव्हतं, ते १९०३ साली जोडलं गेलं. पण तो प्रांत आपल्या शेजारचाच. ज्या बाईनं उपासमारीत आईबाप गमावले, तिला घरात बसवेना. रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. हातात पैसा नव्हता. बोस्टनचा निधी होता तो सदनाच्या विद्यार्थिनींसाठी आणि धर्माच्या अटीसह.

दुष्काळातल्या मुलींना रमाबाई उघडपणे ख्रिस्ती वातावरणात वाढवणार होत्या. हे काम त्यांनी सदनाच्या नावाखाली खपवलं नाही. केडगावला त्याला 'मुक्ती' हे वेगळं नाव दिलं, आणि त्याच्यासाठी ख्रिस्ती लोकांकडून आलेली देणगी वापरली. १८९८ साली दहा वर्षांची मुदत संपली, तेव्हा त्या स्वतः अमेरिकेला गेल्या. जुनं मंडळ रीतसर विसर्जित झालं आणि नवं मंडळ नव्या समजुतीवर उभं राहिलं. जुन्या अटीचा पैसा नव्या कामाला गुपचूप वळवण्यापेक्षा, समुद्र ओलांडून समोरासमोर बोलणं त्यांना बरं वाटलं.

यानंतर त्यांच्या हाती ठरलेलं उत्पन्न नव्हतं. जॉर्ज म्युलर नावाच्या माणसाचं चरित्र त्यांनी वाचलं होतं आणि त्याचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला होता. म्युलरनं इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात हजारो अनाथ मुलं सांभाळली. कर्ज काढायचं नाही आणि दरवर्षी जमाखर्च छापून लोकांपुढे ठेवायचा, या त्याच्या दोन सवयी. देवावर भरवसा ठेवणारा माणूसही कीर्द लिहीत होता, हे ध्यानात घ्या. श्रद्धा असली म्हणजे हिशोबाला सुट्टी मिळते असं नाही.

आणि ते हातकाम! मुक्तीत विणकाम, शिवण, शेती, दुभती जनावरं, तेलाचा घाणा, छापखाना, असं सगळं मुली शिकल्या. १९०० च्या सुमारास तिथे एकोणीसशेच्या आसपास माणसं होती. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून छापलं. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे.

आपल्या गटाला यातून काय घेता येईल? कर्ज घेऊच नका, असं मी सांगणार नाही. पेरणीच्या तोंडावर बँकेचा आणि गटाचा पैसा लागतोच, आणि सावकाराच्या दारापेक्षा तो कधीही बरा. पण प्रत्येक रुपयाबरोबर एक शब्द येतो. हा पैसा कशासाठी, कोणाच्या भरवशावर, कधी परत. परिस्थिती बदलली तर त्या शब्दाला वळसा घालायचा नाही. ज्याला शब्द दिला त्याच्याकडे जायचं आणि सांगायचं. दवाखाना निघाला तर बैठकीत उभं राहून म्हणा, शेळ्या या महिन्यात येत नाहीत, मला मुदत द्या. गटानंही तिला टोचून बोलू नये. ठराव करावा, इतिवृत्तात लिहावं आणि सगळ्यांनी सह्या कराव्या. खरं बोललेल्या बाईला आपण घालून पाडून बोललो, तर पुढच्या वेळी दुसरी बाई दार लावून घेईल. तिचं दार उघडं राहावं ही जबाबदारी तिच्या एकटीची नाही, ती आपल्या सगळ्यांची आहे.

पुढच्या बैठकीत वसुलीआधी पाच मिनिटं काढा. गटाकडे असलेली प्रत्येक रक्कम कशासाठी आली आहे, ते रजिस्टरमधून मोठ्यानं वाचा. जिला अक्षर येत नाही, तिलाही ऐकू गेलं पाहिजे.