वृक्षारोहणाची ॲल्युमिनियम साधने : पृष्ठलेप व झीज

दोराच्या आधारे झाडावर चढून फांद्या छाटणे, वठलेले भाग उतरवणे, झाडाची पाहणी करणे अशी कामे करणारे वृक्षकर्मी कॅरॅबिनर (उघडझाप करणारी झडप असलेली कडी), कप्प्या, बंद कड्या, आरोहक व अवरोहक यांसारखी धातूची साधने वापरतात. त्यांपैकी बहुतेक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची असतात. त्यांच्या पृष्ठभागावरील संरक्षक थर आणि दोराच्या घर्षणाने होणारी त्यांची झीज यांचा विचार या लेखात केला आहे. कोकणात व केरळात नारळावर चढण्यासाठी वापरली जाणारी यंत्रे बहुधा पोलादी असतात व त्यांची झीज निराळ्या प्रकारे होते. त्यांचा समावेश येथे नाही.

पार्श्वभूमी

ॲल्युमिनियमची घनता सुमारे २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तर पोलादाची सुमारे ७.८५ असते. दिवसभर कमरेला साधनांचा भार वागवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. जस्त, मॅग्नेशियम व तांबे मिसळलेला ७०७५ हा मिश्रधातू उष्णतोपचारानंतर सामान्य पोलादाइतका बळकट होतो, म्हणून उत्तम प्रतीच्या कॅरॅबिनरांसाठी तो घडीव स्वरूपात वापरतात. मात्र बळकटी आणि कठीणपणा हे दोन वेगळे गुण आहेत. हा धातू मोठा भार पेलतो, पण त्याच्यावर ओरखडा सहज उठतो.

ॲनोडीकरण

हवेच्या संपर्काने ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो. तोच थर विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने जाड करण्याच्या प्रक्रियेस ॲनोडीकरण म्हणतात. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये बेनगफ व स्टुअर्ट यांनी सागरी विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी क्रोमिक आम्लाची पद्धत पुढे आणली. आज प्रामुख्याने सल्फ्युरिक आम्ल वापरतात. साधारण तापमानास केलेल्या ॲनोडीकरणाने ५ ते २५ मायक्रोमीटर जाडीचा थर मिळतो. द्रावण शून्य अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवून व विद्युत् दाब वाढवून केलेल्या कठीण ॲनोडीकरणाने ही जाडी सुमारे ५० मायक्रोमीटर किंवा त्याहून अधिक होते. थरावर सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत रंग भरून ती गरम पाण्याने बंद करतात. बाजारातील लाल, निळी, सोनेरी साधने अशीच रंगवलेली असतात. हा रंग म्हणजे वरून फासलेला लेप नव्हे. ऑक्साइडचा थर धातूतूनच उगवतो, म्हणून तो पोपड्यांसारखा सुटत नाही. मात्र थर पृष्ठभागाला लंब दिशेने वाढत असल्याने तीक्ष्ण कोपऱ्यांवर त्याला भेगा पडतात. कडा गोलावून घेण्याचे हे एक कारण आहे.

या थराने साधनाची ताकद वाढते असा समज आढळतो. तो खरा नाही. थर कठीण पण ठिसूळ असतो. खाली मऊ धातू असल्याने जोराचा आघात झाल्यास तो अंड्याच्या कवचाप्रमाणे फुटतो. जाड कठीण थरामुळे वारंवार पडणाऱ्या ताणाला तोंड देण्याची धातूची क्षमता काहीशी घटते, ही बाबही निर्मात्याला विचारात घ्यावी लागते.

झिजेचे स्वरूप

स्वच्छ दोर ॲल्युमिनियमला फारसा कापत नाही. झीज घडवतात ते दोराच्या विणीत अडकलेले मातीचे व वाळूचे कण. कठीणपणाच्या मोस श्रेणीत वाळूतील क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे. जमिनीवर पडलेला, चिखलात भिजलेला दोर त्यामुळे खरकागदासारखे काम करतो. फांदीवर अडकवलेल्या दोन कड्यांमधून दोर सतत सरकत राहण्याच्या पद्धतीत झीज त्या कड्यांवर येते. दोर वर स्थिर बांधून त्यावर चढण्याच्या पद्धतीत ती आरोहक-अवरोहकावर एकवटते. पोलादी आकडा ॲल्युमिनियमच्या कडीत अडकवल्यास कडीच आधी झिजते.

थर शाबूत असेपर्यंत झीज मंद असते. तो पार झाला की उघड्या धातूत खाच वेगाने खोलावते, आणि दोरावर व हातांवर काळसर डाग उमटू लागतात. खरा धोका येथून सुरू होतो. कडीची जाडी थोडी घटल्याने ती लगेच तुटत नाही. परंतु खाचेच्या दोन्ही बाजूंना धारदार कंगोरे तयार होतात व ते दोराचे आवरण कापू शकतात. माणसाचा जीव ज्या दोरावर असतो तोच दोर अशा वेळी साधनाकडून जखमी होतो. म्हणून रंग उडाल्यावर साधन लगेच बाद ठरत नाही. बोटाला धार जाणवणे व निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा खाच खोल होणे या खुणा निर्णायक मानतात. जास्त झीज होणाऱ्या जागी काही निर्माते स्टेनलेस पोलादाचा तुकडा बसवतात. त्याने वजन वाढते, पण आयुष्यही वाढते.

देखभाल

साधने कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुतात. धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा किंवा तीव्र आम्ल वापरल्यास ऑक्साइडचा थरच विरघळतो. समुद्राजवळ वापरलेली साधने गोड्या पाण्याने धुणे आवश्यक असते, कारण खाऱ्या पाण्याच्या सान्निध्यात पोलादाला लागून असलेले ॲल्युमिनियम लवकर गंजते. उडालेला रंग पावडर कोटिंगने पुन्हा देण्याचा मोह घातक ठरू शकतो. हा लेप सुमारे २०० अंश सेल्सियसला भाजावा लागतो, तर ७०७५ मिश्रधातूला बळकटी देणारा उपचार सुमारे १२० अंशांना केलेला असतो; भाजण्याने ती बळकटी कमी होते, आणि बाहेरून मात्र साधन नवे दिसते.

ब्रिटनमध्ये माणसांना उचलणाऱ्या साधनांची दर ६ महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी करून घेणे १९९८ च्या नियमांनुसार बंधनकारक असून वृक्षकर्म्यांची चढाईची साधने त्यांत येतात.